सीरियल किलर शोधायचा म्हणजे आधी रजिस्टरं चाळायची

प्रश्न असा आहे: नाशिकसारख्या शहरात एकामागून एक खून करणारा माणूस फिरत असेल तर पोलिसांचं पथक त्याला नेमकं कसं शोधतं? वेब सीरिजमध्ये दाखवतात तसं गुन्हेगाराचं प्रोफाइल वगैरे खरंच काढतात का? विचारणारा मुलगा पीएसआयच्या परीक्षेची तयारी करतोय, म्हणून जरा पसरून लिहितो. मी ३१ वर्षं खात्यात काढली, त्यातली ११ गुन्हे शाखेत.

भिंतीवर फोटो, फोटोंना जोडणारे लाल दोरे आणि समोर सिगारेट ओढत उभा असलेला साहेब, असला फळा मी एकदाही पाहिला नाही. आमच्याकडे होतं ते अकस्मात मृत्यूचं रजिस्टर. ठाण्यात त्याला एडी म्हणतात. विहिरीत पडला, रेल्वेखाली आला, गळफास घेतला, रस्त्याच्या कडेला मरून पडला, असं काहीही झालं की आधी एडी दाखल होते, एखाद्या हवालदाराकडे चौकशी जाते. मरणोत्तर पंचनामा होतो, प्रेत सिव्हिल हॉस्पिटलला पीएमला, म्हणजे शवविच्छेदनाला जातं, नातेवाईक सापडले तर ताब्यात देतात, नाहीतर काही दिवस वाट पाहून बेवारस म्हणून अंत्यविधी. घातपाताचा संशय नाही असा शेरा पडला की ते पान मिटलं.

एकामागून एक खून करणारा माणूस वर्षानुवर्षं मोकळा राहतो तो बहुतेक वेळा या मिटलेल्या पानांमुळे. त्याला शोधणं हे दुसरं काम झालं. असा कोणी आहे हे आधी लक्षात यावं लागतं, आणि तिथेच सगळं अडतं.

माझंच सांगतो. नोकरीची पहिली काही वर्षं. कालवा कुठला आणि ठाणं कुठलं ते सोडून द्या. सकाळी कालव्याच्या अस्तरीकरणावर एक माणूस पडलेला, वय पन्नाशीचं, अर्धा पाण्यात. कपाळावर उजव्या बाजूला जखम. तोंडाला दारूचा वास, एक चप्पल पायात, दुसरी वर रस्त्यावर. मी वरून खाली पाहिलं, चपलेपासून प्रेतापर्यंतचा उतार पाहिला आणि मनात गोष्ट तयार झाली: रात्री पिऊन येत होता, पाय घसरला, डोकं काँक्रीटवर आपटलं. पंचनाम्यात लिहिलं, "खिशात काही मिळून आले नाही." खाली सही केली. डॉक्टरांनीही डोक्याला मार असंच कारण दिलं. घरची माणसं आली, रडली, घेऊन गेली. या सहीकडे शेवटी परत यायचं आहे.

आता नाशिकचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पंचवटी, भद्रकाली, सरकारवाडा, गंगापूर, सातपूर, अंबड, उपनगर ही सगळी शहर आयुक्तालयाची ठाणी. शहराची वेस ओलांडली की ग्रामीण सुरू. त्यांचे अधीक्षक वेगळे, तपासाची शाखाही वेगळी, तिला एलसीबी म्हणतात. नाशिकरोड स्टेशनात किंवा रुळांवर प्रेत सापडलं तर ते लोहमार्ग पोलिसांचं. समजा एकाच माणसाने एक खून गोदाघाटावर केला, दुसरा रेल्वेच्या हद्दीत आणि तिसरा दिंडोरी रस्त्याला द्राक्षबागेच्या कडेला. मोटारसायकलवर हा सगळा फेरा तास-सव्वा तासाचा. कागदावर मात्र तीन संस्थानं झाली. तिन्हीकडचे तपासी अंमलदार आपापल्या जागी मेहनत करत असतात, आणि एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं.

कर्नाटकातलं 'सायनाइड मोहन' प्रकरण या बाबतीत प्रत्येक पोलिसाने वाचावं. प्राथमिक शाळेत शिक्षक असलेला हा माणूस लग्नाचं आमिष दाखवून बायकांना दुसऱ्या गावी न्यायचा, लॉजवर एक रात्र काढायचा आणि सकाळी बस स्टँडवर गर्भनिरोधक गोळी म्हणून सायनाइड द्यायचा. गोळी शौचालयात जाऊन घे असं सांगायचा, आणि दागिने उचलून चालता व्हायचा. वेगवेगळ्या गावांतल्या बस स्टँडच्या शौचालयांत, आतून कडी लावलेल्या खोलीत एकेक बाई मरून पडलेली सापडत गेली. प्रत्येक ठाण्याने आपल्यापुरती नोंद केली: अनोळखी स्त्री, आत्महत्या किंवा अकस्मात मृत्यू. २००९ मध्ये बंटवाळ तालुक्यातली एक तरुणी बेपत्ता झाली, लोकांनी गोंधळ घातला म्हणून पोलिसांनी तिच्या मोबाइलच्या नोंदी काढल्या, आणि एका नंबराला दुसऱ्या बेपत्ता बाईचा नंबर, तिला तिसरीचा, अशी माळ हाताला लागली. वीस स्त्रियांच्या खुनांचे खटले त्याच्यावर चालले. आतून कडी होती, म्हणून कोणी पुढचं विचारलं नव्हतं.

कोणी म्हणेल, आता सगळं ऑनलाइन आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून ठाण्यांच्या नोंदी सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या संगणकी नोंद प्रणालीवर जातात, खरं आहे. पण एक हवालदार "डोक्यास मार" लिहितो, दुसरा "कपाळावर जखम" लिहितो आणि तिसरा "पडून जखमी" लिहितो. संगणकाला या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. तिन्ही जखमा एकाच बाजूच्या आहेत आणि तिन्ही प्रेतांचे खिसे उलटे होते, हे कोणी लिहिलंच नसेल तर शोधणार काय, कपाळ? त्यासाठी तीन पानं समोर ठेवून वाचणारा माणूसच लागतो.

दुसरी गोष्ट बळींची. असे गुन्हेगार शिकार शोधताना हुशारी दाखवत असतील, पण बहुतेकांचा खरा आधार एकच असतो: ज्याची मिसिंग दाखल होणार नाही असा माणूस. नाशिकला अशा माणसांची वाण नाही. गंगेवर (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) अस्थी घेऊन अख्ख्या महाराष्ट्रातून लोक येतात आणि काही घरचे म्हातारे इथेच सोडून जातात. नाव न सांगणारे साधू, पेठ-सुरगाण्याहून बागांच्या कामाला आलेले मजूर, औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराच्या खोलीत राहणारी परप्रांतीय पोरं, धंदा करणाऱ्या बायका. उद्या यांतला एक दिसेनासा झाला तर शेजारचा म्हणणार, गेला असेल गावी.

मुंबईत १९६५-६६ साली आणि नंतर १९६८ मध्ये रमण राघवने फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना मारलं, तेही हेच. त्या प्रकरणात गुन्हे शाखेच्या रमाकांत कुलकर्णींचं नाव झालं, आणि झालं ते योग्यच, पण माझ्या मते त्यातली शिकण्यासारखी गोष्ट वेगळी. पहिल्या खेपेच्या वेळी हा माणूस पोलिसांच्या हाती लागला होता, पुराव्याअभावी सोडून द्यावा लागला. फाइल मात्र राहिली. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला रस्त्यात ओळखून पकडलं, आणि जुन्या फाइलमधल्या बोटांच्या ठशांवरून हा तोच 'सिंधी दलवाई' हे पक्कं झालं. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी कंटाळा न करता ठसे घेऊन ठेवले होते. त्या माणसाचं नाव कुठे छापून आलं नाही.

आणि आपल्या नाशिकचं प्रकरण तर घरातलंच. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे, सीमा गावित यांनी १९९० ते १९९६ या काळात लहान मुलं पळवली. कडेवर पोर असलेल्या बाईवर गर्दीत कोणी संशय घेत नाही, आणि चोरी करताना पकडली गेलीच तर पोराकडे बघून लोक सोडून देतात, हा त्यांचा हिशेब. मूल जड झालं, रडायला लागलं, की मारून टाकायचं. पुणे, कोल्हापूर, नाशिक, मुंबईकडची शहरं, सगळीकडे त्यांचा वावर. वर्षानुवर्षं प्रत्येक गावात एकेक मूल हरवल्याची एकेक नोंद होती आणि कोणत्याच नोंदीला दुसरीचा पत्ता नव्हता. प्रकरण फुटलं ते नाशिकमधून. अंजनाबाईच्या आधीच्या नवऱ्याने इथे दुसरा संसार थाटला होता. त्या घरातली एक मुलगी आधीच गेलेली, आणि दुसरीवर डोळा आहे हे त्या घरच्या बाईच्या लक्षात आलं. ती पोलिसांकडे गेली. १९९६ च्या अखेरीस तिघी ताब्यात आल्या आणि मग धागा उलगडत गेला. तपास पुढे सीआयडीकडे गेला, रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाई खटल्याआधीच तुरुंगात मेली. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला इतका उशीर झाला म्हणून २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली.

हे प्रकरण मी प्रशिक्षणार्थींना सांगायचो तेव्हा ते दर वेळी विचारायचे, "सर, पोलिसांना क्लू काय मिळाला?" क्लू म्हणजे एका आईचा संशय आणि तिचं म्हणणं ठाण्यात बसून नीट लिहून घेणारा माणूस. घरगुती भांडण आहे, सवतीसवतीचा वाद आहे, असं म्हणून तिला परत पाठवणं किती सोपं होतं, याचा विचार करा.

आता पथक. कागदावर त्याला विशेष तपास पथक म्हणतात, पंधरा-वीस नावं असतात. त्यातली निम्मी नावं आठवड्याभरात बंदोबस्ताला जातात. खरं काम पाच-सहा जण करतात. एक अधिकारी, ज्याच्या नावावर गुन्हा आहे. एक तांत्रिक विश्लेषणवाला, बहुधा विशीतला शिपाई, साहेबांपेक्षा दुप्पट डोकं आणि निम्मी झोप. ठाण्याच्या डीबीचे म्हणजे गुन्हे शोध पथकाचे दोघे, ज्यांना गल्लीबोळ पाठ असतात. एक रायटर, जो केस डायरी आणि पंचनामे सांभाळतो. हा ढिला असेल तर बाकी सगळ्यांची मेहनत कोर्टात वाहून जाते. आणि एक माणसांतला माणूस.

आमच्याकडे असे एक हवालदार होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. एकदा घाटावर झोपणाऱ्या दोघांचे खून झाले, नऊ दिवसांच्या अंतराने, दोघांचंही डोकं दगडाने ठेचलेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात 'स्टोनमॅन'. कोलकात्यात १९८९ साली फुटपाथवर झोपणाऱ्या तेरा जणांना असंच दगडाने मारलं होतं आणि तो मारेकरी आजवर सापडलेला नाही, त्यामुळे बातमीदारांना नाव शोधायची गरजच नव्हती. घाट रात्री नऊला ओस पडायला लागला. वरून दर दोन तासांनी फोन. आम्ही एकच मारेकरी धरून चाललो होतो, मी तर पक्का धरून चाललो होतो.

अण्णांनी मात्र साधा सदरा घातला, एक स्टीलचा डबा घेतला आणि चार संध्याकाळी अन्नदानाच्या पंगतीत जाऊन बसले. प्रश्न एकही विचारला नाही. पाचव्या दिवशी येऊन म्हणाले, "साहेब, घाटावर झोपायच्या जागा ठरलेल्या असतात. पत्र्याखालची कोरडी जागा म्हातारबुवांची होती. पाऊस लागल्यापासून तिथे नवीनच पोरगा झोपतोय, आणि त्याला कोणी उठवत नाही." दुसरा खून तिथून सुटला. पहिला वेगळाच निघाला, जमलेल्या पैशांवरून दोन सोबत्यांचं भांडण, एकाच बाटलीवर बसलेले. आम्ही मग दोन्ही पंचनामे शेजारी ठेवून पुन्हा वाचले, आणि फरक पहिल्या दिवसापासून तिथेच लिहिलेला होता. एका ठिकाणी दगड हाताशी पडलेला, घाव सात-आठ, वेडेवाकडे, माणूस उताणा आणि अंगावर झटापटीच्या खुणा. दुसऱ्या ठिकाणी दगड लांबून उचलून आणलेला, घाव एकच, माणूस झोपेतच गेलेला, गोधडी हललेलीसुद्धा नाही. एक रागाचा खून, एक ठरवून केलेला. दोन्हीत सारखं होतं ते हत्यार, आणि घाटावर दगडाशिवाय हाताला दुसरं लागणार तरी काय?

म्हणून सीरियल किलरच्या तपासात पहिले काही दिवस आम्ही उलट बाजूने वाद घालायचो: हे एकाच माणसाचं काम नाही असं धरा आणि तसं सिद्ध करून दाखवा. हत्यारावर जास्त भर द्यायचा नाही, ते बदलतं. वेळ, बळी निवडायची रीत, प्रेताजवळ येण्याचा रस्ता, आणि खून करायला जेवढं लागत नाही असं त्याने जे काही केलं असेल ते, यावर नजर ठेवायची. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून प्रकरणात, १९७६-७७ मध्ये, कमर्शियल आर्ट शिकणाऱ्या चार विद्यार्थ्यांनी दहा खून केले. त्यात नायलॉनची दोरी आणि तोंडात कोंबलेले बोळे हे पुन्हा पुन्हा येत राहिलं. कुत्र्याला माग लागू नये म्हणून त्यांनी सुगंधी द्रव्यही शिंपडलं होतं. ही माणसं गुन्ह्यातून शिकत होती. तरी दोरी सुटली नाही.

प्रोफाइलचं विचारलंय. मानसोपचारतज्ज्ञांशी आम्ही बोलायचो, नाही असं नाही. ते सांगतात त्यातलं उपयोगी पडतं ते दोन कामांना: कोणाला आधी उचलायचं ही रांग लावायला, आणि पकडल्यावर त्याच्याशी कोणत्या सुरात बोलायचं ते ठरवायला. "वय पंचवीस ते चाळीस, एकलकोंडा, आईशी संबंध बिघडलेले" एवढ्यावर शोधायला निघालात तर अंबड-सातपूरला शिफ्ट सुटताना हजार माणसं गेटमधून बाहेर पडतात.

तांत्रिक बाजूविषयी थोडं नीट लिहितो, कारण तिथे गैरसमज फार आहेत. टॉवर डंप म्हणजे ठरावीक वेळेत एका टॉवरखाली असलेल्या सगळ्या नंबरांची यादी. घटनास्थळं तीन असतील तर तीन याद्या मागवायच्या आणि तिन्हींत सामाईक नंबर कोणता ते पाहायचं. ऐकायला सोपं. नाशिकरोड किंवा द्वारका चौकासारख्या ठिकाणी दोन तासांची यादी हजारांत जाते, आणि सामाईक म्हणून जे निघतात त्यांत रिक्षावाले, दूधवाले, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक आणि आपलेच गस्तीचे पोलीस. एकदा आमच्या सामाईक यादीत सगळ्यात वर एका बीट मार्शलचा नंबर आला आणि बिचाऱ्याला अर्धा दिवस सगळ्यांनी छळला. शिवाय ज्याने फोन घरी ठेवला तो यादीत येतच नाही. तेव्हा उलटं बघावं लागतं: संशयितांपैकी कोणाचा फोन एरवी रात्री हिंडतो आणि नेमक्या त्या तीन रात्रीच घरी गप्प पडून आहे.

सीसीटीव्हीत घाई हवी. दुकानांच्या डीव्हीआरमध्ये जुनं चित्रण आठवड्या-पंधरवड्यात पुसलं जाऊन नवं त्यावर चढतं, काहींचं त्याही आधी. म्हणून खून कळला की पहिल्या दिवशी दोन पोरांना फक्त कॅमेरे मोजायला आणि चित्रण उतरवायला सोडायचं, बाकी काहीही काम द्यायचं नाही. आणि एक बारकी गोष्ट, जी अनेक खटले बुडवते. डीव्हीआरचं घड्याळ जवळपास कधीच बरोबर नसतं. कोणाचं सतरा मिनिटं पुढे, कोणाचं वर्षच चुकलेलं. चित्रण घेताना पंचांसमोर आपल्या मोबाइलची वेळ आणि पडद्यावरची वेळ, दोन्ही लिहून फरक नोंदवायचा. तो फरक लिहिला नाही तर आरोपीचा वकील विचारतो, "माझा अशील ११.४० ला इथे दिसतोय म्हणता, आणि त्याच्या फोनचं लोकेशन तेव्हा सिडकोत आहे, मग खरं काय?" तिथे तोंड बंद. त्यावर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र वेगळं. पूर्वी ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं होतं, आता नव्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६३ मध्ये आहे. ते कशासाठी हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आपल्याच जालन्याच्या निवडणूक वादात स्पष्ट सांगितलंय.

सिंहस्थाचंही सांगतो, कारण पुढचा २०२७ चा तोंडावर आहे. २०१५ ला मी तपोवनाच्या बाजूला बंदोबस्ताला होतो. अशा गर्दीत कॅमेऱ्यांचा सुळसुळाट असतो, पण चेहरा ओळखायचा तर आधी कोणाचा चेहरा हवाय ते माहीत पाहिजे. आणि त्या काळात येणारे बेवारस मृत्यू! थकून गेलेले, बुडालेले, आजारी. त्यांत एखादा मारलेला असेल तर तो लपायला याहून चांगली जागा नाही. तेव्हाच्या एका वरिष्ठांनी नियम घातला होता की प्रत्येक अनोळखी प्रेताचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो त्याच दिवशी घ्यायचाच, कामाची कितीही ओढाताण असो. सगळ्यांनी शिव्या घातल्या. मीही घातल्या.

माणूस हाताला लागल्यावर लोकांना वाटतं संपलं. तिथून कोर्टाचं काम सुरू होतं. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, इंग्रजांच्या काळापासून नाही. चालतो तो फक्त तेवढा भाग, ज्यामुळे नवी वस्तू सापडली. आता हे नव्या अधिनियमाच्या कलम २३ मध्ये गेलंय, पण जुन्या कायद्यात ते कलम २७ होतं, म्हणून ठाण्यात अजून सगळे "सत्तावीसचा पंचनामा" असंच म्हणतात. आरोपी म्हणाला, "कोयता कुठे टाकला ते दाखवतो." दोन पंच बरोबर घ्यायचे, त्याने पुढे चालायचं, आपण मागे. हे मागे चालणं फार महत्त्वाचं. गाडीतून उतरताना शिपाईच पुढे झाला आणि पंचाने ते कोर्टात सांगितलं, की खलास. रमण राघव कोठडीत आधी गप्प बसला, मग कोंबडीचं जेवण मागितलं आणि बोलायला लागला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने पोलिसांना बरोबर नेऊन हत्यार कुठे ठेवलं ते दाखवलं, हे फार थोडे सांगतात.

कबुलीवर इमारत बांधली तर काय होतं ते निठारीत दिसलं. २००६ मध्ये नोएडातल्या या गावात मुलांचे अवशेष सापडले, देश हादरला, फाशीच्या शिक्षा झाल्या, आणि २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर कडक ताशेरे ओढून घरमालक आणि त्याचा नोकर या दोघा आरोपींना बहुतेक खटल्यांत निर्दोष ठरवलं. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी असावी हे तर १९८४ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या शरद बिरधीचंद सारडा निकालात लिहून ठेवलंय: प्रत्येक कडी स्वतंत्र सिद्ध हवी आणि सगळ्या मिळून आरोपीशिवाय दुसरीकडे बोट जाता कामा नये. पाच खुनांचा आरोपी असेल तर प्रत्येक खुनाची साखळी वेगळी. एकात पक्का सापडला म्हणून दुसरा आपोआप त्याच्या नावावर लागत नाही. नार्कोचं कोणी सांगेल. २०१० पासून संमतीशिवाय ती चाचणी करता येत नाही, आणि संमतीने केली तरी त्यात तो जे बोलला ते पुरावा म्हणून चालत नाही.

चौकशीत मारहाणीने काय साधतं, असं कोणी विचारलं तर माझा अनुभव असा, की मारलेला माणूस तुम्हाला हवं ते सांगतो. ज्याने तीन केले तो पाच कबूल करतो. मग आपण खोट्या दोघांच्या मागे पंधरा दिवस घालवतो, तेवढ्यात खऱ्या तिघांचं चित्रण पुसलं जातं.

आता त्या सहीकडे. मी गुन्हे शाखेत आलो त्यानंतरची गोष्ट. दारूच्या दुकानातून एकटा निघालेला माणूस हेरायचा, सोबत चालत जायचं, अंधारात डोक्यात रॉड घालायचा आणि खिसे उलटे करून निघून जायचं, अशी पद्धत असलेला एक जण सापडला. वय तिशीच्या आत, बोलायला मऊ, चहा घेताना थँक यू म्हणणारा. दोन खून पक्के होते. एका बळीचा मोबाइल त्याच्या मेव्हण्याकडे सापडला, दुसऱ्याच्या रक्ताचा डाग रॉडच्या मुठीला गुंडाळलेल्या चिंधीत प्रयोगशाळेला मिळाला. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून म्हणाला, "साहेब, अजून एक आहे. जुना. कालव्यावरचा." चप्पल रस्त्यावर राहिली होती, हेही त्याने सांगितलं. हे बाहेर कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

मी जुनं रजिस्टर मागवलं. माझंच अक्षर. खिशात काही मिळून आले नाही. खिसे आत होते की बाहेर ओढलेले, ते मला त्या दिवशी दिसलंच असणार, पण लिहिलं नव्हतं आणि कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना. फोटो एकच होता, चेहऱ्याचा. कपडे केव्हाच घरच्यांना दिलेले. जखमेची मापं पीएमच्या कागदावर होती, पण रॉडशी पडताळायला दुसरं काहीच हाती नव्हतं. दंडाधिकाऱ्यांसमोर कबुलीजबाब द्यायला तो आधी तयार झाला, मग वकील भेटल्यावर नाही म्हणाला. तो त्याचा हक्क. सरकारी वकिलांनी फाइल दोनदा चाळली आणि पेन बाजूला ठेवलं.

आरोपपत्र नव्वद दिवसांच्या आत गेलं, दोन खुनांचं. दोन्हीत जन्मठेप लागली. कालव्यावरच्या माणसाच्या घरी मी एकदा जाऊन आलो. त्याचा मुलगा आता मोठा झालाय, गॅरेज चालवतो. "बाबा पिऊन पडले" असं तो लहानपणापासून ऐकत आलाय. मी त्याला खरं काय ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, हात पुसले आणि विचारलं, मग कागदावर तसं लिहून मिळेल का? मी म्हटलं, नाही मिळणार.